खारा बांगडा आणि दोघांचा दाब

माझ्या नवऱ्याला लकवा मारला त्याला यंदा दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी त्याला जितकं बोलले, तितकं त्याआधीच्या चौतीस वर्षांच्या संसारात बोलले नसेन. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण त्याची मला लाजही नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, एकदा झटका आलेल्या माणसाला दुसरा येऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. हे ऐकून जी बाई गप्प बसेल ती ही हिल्डा नव्हे.

त्या सकाळी आलोशियसच्या हातातून चहाचा कप निसटला आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. मला वाटलं, कुणाची तरी नक्कल करतोय. त्याला ती खोड आहेच. मी रागावलेसुद्धा. मग म्हटलं, "आलू, माझं नाव घे." त्याची जीभ वळेना. मी ओट्यावरून जी किंचाळले ती शेजारच्या युजीनने ऐकली. त्याने टेम्पो काढला आणि आम्हाला तासाभराच्या आत इस्पितळात नेऊन घातलं. उशीर झाला असता तर माणूस अंथरुणाला खिळला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

तो उठला, चालला, बोलला. आता उजवा पाय किंचित ओढतो, उजव्या हाताची तीन बोटं आळशी झालीत आणि ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळतं. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर म्हणतात, हाही त्या दुखण्याचाच भाग.

आलू नोकरीला फिटर होता, पण आमच्या राजोडी गावात त्याला ओळखतात ते ट्रंपेटमुळे. युजीनच्या बँडमध्ये तीस वर्षं त्याने ट्रंपेट वाजवला. गावातल्या किती पोरी नवरी होऊन त्याच्या ट्रंपेटवर घरातून निघून चर्चला गेल्या, त्याची गणती नाही. आणि आता आमच्या दिपिकाचं लग्न ठरलं, ईस्टरनंतरच्या शनिवारी.

"माझी पोर दुसऱ्याच्या फुंकीवर घरातून निघनार?" तो म्हणाला. "मी वाजवनार."

नाक्यावरच्या आमच्या डॉक्टर अश्लेषा वयाने लहान, पण पक्क्या. त्या म्हणाल्या, जोरात फुंकलं की दाब चढतो, आणि दाब हाच याचा वैरी. ईस्टरपर्यंत वरचा आकडा एकशे तीसच्या आत राहिला तर एक गाणं, तेही खुर्चीत बसून. नाहीतर नाही. त्या दिवशी आकडा होता एकशे सव्वीस. आलू घरी येताना पाय ओढायचाच विसरला. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर ट्रंपेटच्या कळा दाबल्यासारखी त्याच्या आळशी बोटांची टकटक सुरू झाली.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला. आमच्या घरात चाळीस दिवस मटण नाही, कोंबडी नाही, अंडंही नाही. शिवाय प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं.

"मी काय सोडू?" आलू म्हणाला. "बिडी तू सोडवली. दारू तू सोडवली. साखर सोडवली. आता तूच राह्यलीस."

मी हसले. तेव्हा हसायला जागा होती.

उपवासकाळात आमच्याकडे खारा बांगडा. तो मी स्वतः घालते, माझ्या आईच्या हातचा जसा होता तसाच. निखाऱ्यावर भाजायचा आणि पेजेबरोबर खायचा. दुखण्याच्या धावपळीत मागच्या वर्षी तो घातलाच नव्हता. दुखण्यानंतर आलूच्या तोंडाची चव अर्धी गेली होती. डाळ मिळमिळीत, भाजी मिळमिळीत, सगळ्याला नाक मुरडायचा. पहिल्या दिवशी बांगड्याचा तुकडा तोंडात घालून म्हणाला, "हां, याला चव हाय." दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने ताट चाटून पुसून खाल्लं होतं. मला इतका आनंद झाला की मी दुपारी एक आणि रात्री एक असे बांगडे सुरू केले. त्याला सोबत म्हणून मीही खाल्ले. डाळीतलं मीठ तर मी इस्पितळातून आल्यापासून बंद केलं होतं. मिठाचा डबा पार वरच्या फळीवर टाकला होता, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा.

आणि दाब चढू लागला.

दिपिकाने आणलेल्या मशीनवर मी दर रविवारी त्याचा दाब बघत असे. एकशे अडतीस. पुढच्या रविवारी एकशे सेहेचाळीस. मग एकशे बावन्न. गोळ्या मी माझ्या हाताने देत होते, त्याची सकाळची चालायची फेरी चालू होती. मग चढतो कसा? माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं. हा चोरून पितोय.

मी त्याचं तोंड हुंगलं. कपाटं उचकली, मोरीमागे बघितलं, गादी उलटी केली. काही सापडलं नाही, म्हणजे पाजणारा बाहेरचा. रोज संध्याकाळी गप्पांना कोण येतो? युजीन. मी सरळ त्याच्या फाटकाशी गेले आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हटलं, "युजीन, पाजायचीच असंल तर तुझ्या बायकोला पाज. माझ्या नवऱ्याला मारू नको."

 त्या दिवसापासून युजीन यायचा बंद झाला. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या टेम्पोने माझा माणूस वाचला, त्याला मी हे बोलले. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, इतकी मी घाबरलेली होते.

टेबलावरची टकटकही थांबली. तिसऱ्या दिवशी आलू म्हणाला, "हिल्डा, मी नाय प्यालो. पन तुझा इस्वास नसंल तर ट्रंपेट देऊन टाक कोनाला." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते दुखण्याचं होतं की त्याचं स्वतःचं, मला कळेना.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. तिथेही आकडा एकशे चोपन्न. झोप कशी आहे, गोळ्या वेळेवर आहेत का, दारू घेता का, असं त्या आलूला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते.

"हिल्डाताई, जरा त्यांना बोलू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

"नाय घेतली," आलू म्हणाला. बस, एवढंच.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि मी बरोबर आणलेलं घरचं मशीन मागितलं. ते बरोबर दाखवतंय का ते तपासायचं होतं. "तुमचा हात द्या," त्या मला म्हणाल्या. मी दिला. पट्टा फुगला, उतरला. एकशे शहात्तर.

"बघा," मी म्हटलं, "मशीनच बिघडलंय. मला काय धाड भरलीय?"

त्यांनी स्वतःचं मशीन लावलं. एकशे चौऱ्याहत्तर. दहा मिनिटं बसवून पुन्हा लावलं. तेच.

"शेवटचा दाब कधी तपासला होता?"

मला आठवावं लागलं. "दिपिकाच्या वेळच्या बाळंतपणात."

"ती केवढी आहे?"

"अठ्ठावीस."

 डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हा दोघांच्या घरात सारखं काय आहे?"

"भांडन," आलू म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "आनि जेवन."

मग जेवणाची चौकशी सुरू झाली. मी छाती काढून सांगितलं की मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद. उपवासकाळ असल्यामुळे मटणही बंद, फक्त पेज आणि खारा बांगडा. डॉक्टरांनी विचारलं, तो कसा करता? हा प्रश्न मला कुणी विचारला की मी फुलते. मी सांगू लागले. बांगडा पोटातून चिरायचा, धुऊन घ्यायचा, मग बरणीत खाली चांगला बोटभर मिठाचा थर, त्यावर बांगडे, पोटातही मीठ भरायचं, मग पुन्हा बोटभर मीठ, पुन्हा बांगडे, वरून परत...

तिसऱ्या थराशी माझा आवाज बारीक झाला.

"पन तो मासा हाय," मी म्हटलं. माझं मलाच ते कसंतरी वाटलं. मीठ म्हणजे डब्यातलं, डाळीत पडतं ते. बांगड्यातलं मीठ हे बांगड्याचं, ते मिठात धरायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्या आळीत कुणाच्याच आलं नसेल. देवासाठी म्हणून चाळीस दिवस मटण सोडायचं, आणि नवऱ्याला रोज दोन वेळा मीठ चारायचं. पाजणारा मी गावभर शोधला, चारणारी घरातच होती.

डॉक्टरांनी आलूची गोळी थोडी बदलली, आणि मला नवी लिहून दिली. रोज, न चुकता, असं माझ्याकडे बघून म्हणाल्या. आलू मिशीत हसला. पाच आठवड्यांनी हसला.

घरी जाण्याआधी मी युजीनच्या फाटकाशी थांबले. "युजीन, मी चुकले. तू माझा मानूस वाचवला आनि मी तुला असं बोलले. माफ कर."

"माझं सोड, हिल्डाबाय," तो म्हणाला. "तू माझ्या बायकोला पन दारू पाजलीस त्या दिवशी. तिची माग माफी." ती आतून हसत बाहेर आली. मी तिचीही मागितली.

उरलेले बांगडे कुणाला द्यायला मन होईना आणि फेकायला हात धजेना. मी ते माडाच्या मुळाशी पुरले. माडाला मीठ मानवतं. उरलेल्या उपवासकाळात ताजी मांदेली, लिंबू, मिरी आणि आलूचं नाक मुरडणं. आकडा उतरत गेला. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पुण्य शनिवारी, एकशे अठ्ठावीस. डॉक्टर म्हणाल्या, एक गाणं.

लग्नाच्या सकाळी मी चारला उठले. पाहुण्यांचा चहा, फुलं, करवल्यांच्या साड्यांना पिना, हे शोध, ते शोध. नऊ वाजता बँड अंगणात उभा राहिला. आलूसाठी मधोमध खुर्ची होती. पांढऱ्या झग्यात दिपिका दारात आली. युजीनने मान हलवली. आलूने ट्रंपेट मांडीवरच ठेवला.

"दिपू, मशीन आन," तो म्हणाला.

 पुन्हा तेच, आणि आजच्या दिवशी. मी धावत त्याच्याजवळ गेले, त्याचं तोंड बघितलं, हात हातात घेतला. "काय होतंय, आलू? डोकं दुखतंय?"

"मला नाय. तुला लावायचंय."

"वेडा का तू? चर्चला फादर थांबलेत."

"हिल्डा, बस."

छत्तीस वर्षांत तो माझ्याशी या आवाजात बोलला नव्हता. युजीनच्या बायकोने खुर्ची आणली, मी बसले. सगळ्या वऱ्हाडासमोर दिपिकाने माझ्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट.

"सकाळची गोळी?" आलूने विचारलं.

मी जमिनीकडे बघितलं. घाईत विसरले होते. ज्या बाईने दोन वर्षं त्याची एक गोळी चुकू दिली नाही, ती स्वतःची तिसऱ्याच आठवड्यात विसरली होती. दिपिका झगा सावरत आत गेली, गोळी आणि पाणी घेऊन आली. मी ती सगळ्यांसमोर गिळली.

"आता थोडा वेळ बसायचं," आलू म्हणाला. "मंग फुंकनार. फादर थांबतील." आणि मग माझ्याकडे वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "तुला काय झालं तर मला रागवायला कोन हाय?"

दोन वर्षं मला वाटत होतं, या घरात भीती एकट्या माझ्याच वाट्याला आलीय. तोही डॉक्टरांकडून आल्यापासून रोज माझ्याकडे त्याच डोळ्यांनी बघत होता, आणि मला ते दिसलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

वऱ्हाड थांबलं. कुणीतरी मला वारा घातला. मग आलूने ट्रंपेट ओठाला लावला. पहिला सूर फाटला, ओठाच्या कोपऱ्यातून हवा गेली. युजीनने सॅक्सोफोनवर तो सावरून घेतला. दुसरा सूर उभा राहिला. आळशी बोटं एकेक करत खाली गेली, वर आली, आणि दिपिका पायरी उतरून अंगणात आली, हळू, बापाच्या बोटांच्या चालीने.

सगळे तिच्या मागोमाग फाटकाकडे निघाले. मी मात्र खुर्चीतून उठले नाही. त्याने अजून ऊठ म्हटलं नव्हतं.