सातव्यानंतरचं पान

धाकट्याने माऊस टेबलावर आपटला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

“ताई, हे काय करून ठेवलंयस? पुढच्या पानावर जायला तू एंटर दाबत बसलीस?”

“मग कसं जायचं? उडी मारून?”

ताई खाटेवर बसून कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत होती. तिने मानही वर केली नाही.

पंचावन्न उलटली तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. विमा कार्यालयातले अहवाल त्याच्याच हाताखालून जात, म्हणून ताईच्या पुस्तकाची मांडणी त्याच्या गळ्यात पडली होती. ताईने आयुष्यभर शिवणाचं दुकान चालवलं, आणि ते बंद केल्यावर एका बोटाने टाइप करत करत घराची सगळी हकिकत लिहून काढली. प्रकाशक-बिकाशक काही भानगड नाही. स्वतःच छापायचं आणि नातेवाइकांत वाटायचं. फाइल संध्याकाळी छापखान्यात द्यायची होती.

“मी वाचणार नाही हं,” त्याने आल्या आल्या बजावलं होतं. “फक्त मांडणी करणार.”

“नको वाचूस. कुणी आग्रह केलाय?”

खरं सांगायचं तर तो घाबरला होता. एकोणिसाव्या वर्षी वडिलांशी कडाक्याचं भांडून तो घरातून निघून गेला होता आणि दोन वर्षं त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. त्याच काळात वडिलांनी अंथरूण धरलं आणि घर ताईच्या अंगावर पडलं. परत आल्यावर त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि त्यानेही कधी विषय काढला नाही. आता ते छापून येणार होतं. मावशीपासून नव्या जावयापर्यंत सगळे चष्मे लावून वाचणार होते. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठून पाणी प्यायचा, खिडकी उघडायचा, परत लावायचा, आणि पुन्हा येऊन त्याच पानाकडे बघत बसायचा.

“तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का रे?” ताई म्हणाली. “एका जागी बस की.”

“बसलोय!”

त्याने कागदाचा आकार कमी करून पुस्तकाएवढा केला आणि व्हायचं तेच झालं. सगळा मजकूर खाली घसरला. ताईने एंटर दाबून तयार केलेल्या मोकळ्या जागा प्रकरणांच्या डोक्यावर, कुठे अर्ध्या पानावर, कुठे दीड पानावर येऊन पडल्या. त्याने कपाळावर हात मारला. पण अशा गोंधळाची त्याला सवय होती, किंबहुना आवडच होती. लागोपाठ एंटर असतील तिथे एकच ठेवायचा, असा हुकूम त्याने यंत्राला दिला आणि एकही जादा एंटर उरेना तोवर तो पुन्हा पुन्हा दिला. मग प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होईल अशी सोय केली. पुस्तक एकदम आटोपशीर झालं.

“आतल्या बाजूला माया सोडलीस ना?” ताईने विचारलं. “नाहीतर शब्द बांधणीत जातील.”

“सोडलीय गं. मला शिकवू नकोस.”

ताई चहा टाकायला आत गेली. धाकट्याने दाराकडे पाहिलं आणि शोधायच्या चौकटीत हळूच टाइप केलं : धाकट. शेवटचा काना मुद्दाम गाळला, म्हणजे ‘धाकट्याने’ही सापडेल.

पहिल्या प्रकरणापासून तो सापडत गेला. धाकटा पाण्याच्या टाकीत पडला. धाकट्याने साखरेचा डबा पळवला. धाकट्याला दिसायचं नाही म्हणून सर्कशीत ताईने त्याला खांद्यावर घेतलं. हे त्याला अजिबात आठवत नव्हतं. तो ते दोनदा वाचून पुढे गेला. सातव्या प्रकरणाच्या शेवटी भांडण होतं, पण एका वाक्यात : ‘वडील ओरडत होते आणि धाकटा पायात चपला अडकवत होता.’ आठव्याची सुरुवात, ‘धाकट्याला नोकरी लागली त्या वर्षी.’

मध्ये काहीच नाही.

त्याने मोठा श्वास सोडला. सुटलो बुवा. मावशी वाचो, जावई वाचो, कुणाला काही कळणार नाही. पण खुर्चीत टेकून बसतो न बसतो तोच त्याला आतून काहीतरी टोचायला लागलं. दोन वर्षं! साखरेच्या डब्याला अख्खं पान, आणि या दोन वर्षांसाठी एक ओळ नाही? मी घरात नव्हतो हेही कुणाला जाणवलं नाही? आता मात्र तो चिडला.

ताई कप घेऊन आली.

“ताई, सातव्यानंतर मी एकदम नोकरीलाच लागतो. मधला मी कुठे गेलो?”

“वाचणार नव्हतास ना?”

“ते जाऊ दे. मला गाळलंस.”

“गाळेन कशी? पान सोडलंय की.” ताईने कप ठेवला, चष्मा चढवला आणि पडद्यावर वाकली. सातव्याचा शेवट पाहिला, आठव्याची सुरुवात पाहिली. “इथे होतं. अख्खं कोरं पान होतं. कुठे गेलं?”

धाकट्याचा हात माऊसवरच राहिला.

“मी जास्तीचे एंटर काढले. मला वाटलं, बाकीच्या ठिकाणांसारखंच...”

“बाकीच्या ठिकाणी पुढे जायला दाबले होते. इथे पान ठेवायला दाबले होते.”

“कशाला?”

“तुझ्यासाठी.” ताई खाटेवर बसली. “आई रोज विचारायची, कुठे असेल गं, जेवला असेल का. मी रोज काहीतरी ठोकून द्यायचे. तेच आता पुस्तकात लिहू? मी तिथे नव्हते. तू होतास.”

चहावर साय धरली. धाकट्याचे पाय मात्र पहिल्यांदाच एका जागी होते.

“आज फाइल द्यायचीय,” तो शेवटी म्हणाला.

“मग दे. लिहिलंस तर लिहिलंस. माझी बळजबरी नाही.”

त्याने सातव्याच्या शेवटी जाऊन नवं पान घातलं. या वेळी एंटर दाबून नाही. मजकूर मागेपुढे झाला तरी जागचं हलणार नाही, असं घातलं. पान समोर आलं. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली, एक शब्द टाइप केला, पुसला. दुसरा केला, तोही पुसला. घसा खाकरला.

“नाही जमत गं ताई.”

“राहू दे मग.”

त्याने मुकाट्याने त्या पानाचा खालचा आकडा काढून टाकला.

“आकडा का काढलास?” ताईने लगेच विचारलं.

“कोऱ्या पानावर नंबर छापत नाहीत. पद्धत आहे तशी.”

“असेल तुमच्या हापिसात,” ताई म्हणाली आणि सुई पुन्हा हातात घेतली. “माझ्या पुस्तकात ते पान मोजायचं. घाल परत.”

धाकट्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, आणि आकडा परत घातला.