कंडक्टर ललिताताईंची योगाची बॅग

मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "यात मृदुंग आहे का हो?" माझा आकारच तसा आहे. पण मित्रांनो, माझ्यात मृदुंग नाही. मी योगाचं सामान वाहणारी बॅग आहे. सव्वादोन फूट लांब, मातकट हिरवी, खांद्याला रुंद पट्टा असलेली. पाच वर्षं मी नाशिक ते सटाणा एसटीने प्रवास केला आहे. माझा रंग उडाला आहे, कडा पांढुरक्या झाल्या आहेत. मी आता जुनी झाले, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. जुनं व्हायचं तर आधी टिकावं लागतं.

माझा जन्म भद्रकालीतल्या एका बोळात झाला. तिथे चिमाजी नावाच्या कारागिराचं छोटं दुकान आहे. टेम्पोचे हुड, गाड्यांची सीटकव्हरं, फाटलेली दप्तरं, सगळं ते शिवतात. मी तेव्हा बॅग नव्हते. एका टेम्पोच्या हुडातून उरलेला कॅनव्हासचा तुकडा होते आणि फळीवर गुंडाळून पडले होते.

एका दुपारी खाकी गणवेशातल्या एक बाई दुकानात आल्या. त्यांनी काउंटरवर एक जांभळी, चकचकीत पिशवी ठेवली.

"दादा, ही बघा. दिसायला किती देखणी! आणि हिनं काल माझी बस अडवली."

त्या ललिताताई भोये. कळवणकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर वाढल्या, शिकल्या आणि एसटीत कंडक्टर झाल्या. अठरा वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडल्यावर त्यांची पाठ आणि टाचा बोलायला लागल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या गंगापूर रोडवरच्या उज्ज्वला मॅडमच्या योगवर्गाला जाऊ लागल्या. दुखणं हळूहळू कमी झालं आणि मग त्यांना सरावाची गोडीच लागली. सटाण्याला गाडी दीड तास थांबायची. तेवढ्या वेळात सराव करायचा म्हणून त्या मॅट सोबत नेऊ लागल्या. त्यासाठी घेतलेली ही जांभळी पिशवी. तोंडाला नुसती नाडी.

"काल सोग्रस फाट्याच्या पुढं स्पीडब्रेकरला नाडी सुटली," ललिताताई सांगत होत्या. "मॅट बाहेर, आणि पाण्याची बाटली घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी. दिनेशभाऊंनी वेळेवर गाडी कडेला घेतली. बाटली ब्रेकखाली गेली असती तर? गाडीत पन्नास माणसं होती, दादा."

चिमाजींनी चष्मा सरळ केला. "मग आता कशी पाहिजे?"

मित्रांनो, त्यानंतर ललिताताई जे बोलल्या ते मी फळीवरून कान देऊन ऐकलं. दुकानात बॅग निवडणारी माणसं रंग बघतात, आरशासमोर उभी राहतात. ललिताताईंनी अठरा वर्षं लोकांच्या बॅगा पाहिल्या होत्या. कोणती कुठे फाटते, कोणती कुणाच्या डोक्यात पडते, कोणती दाराशी अडकते, हे त्यांना पाठ होतं.

"नाडी नको. चेन पाहिजे, आणि ती वरच्या तोंडाला नको, लांबीवर पाहिजे. म्हणजे मॅट ओढून काढावी लागणार नाही, नुसती उचलायची. बाटलीला बाहेरून घट्ट कप्पा, वर बटण. घामाचा नॅपकिन ठेवायला वेगळा खण. मॅट ओलसर असते, तिला वारा लागला पाहिजे, म्हणून दोन्ही टोकांना जाळी. पट्टा रुंद पाहिजे, अरुंद पट्टा खांद्यात रुततो. आणि दादा, बॅग कापडात फाटत नाही. पट्टा जिथं शिवलेला असतो तिथं फाटते. तिथं चौकोन मारून आत फुलीची शिवण घाला."

"नक्षी काढू का एखादी? कमळ वगैरे?"

"नको. ब्लँकेट आणि दोन लाकडी ठोकळे मावतील तेवढं बघा."

चिमाजींनी फळीवर हात घातला आणि मला खाली काढलं. ताईंनी मला दोन्ही मुठींत धरून ताणलं, मागून उजेड दिसतो का ते पाहिलं, आणि मान हलवली. कुणीतरी आपल्याला पारखून घेतं आणि मग पसंत करतं, तो आनंद मी आजही विसरलेले नाही.

दोन दिवसांनी मी शिवून तयार झाले. ताईंनी आल्या आल्या दुकानातली लोखंडी इस्त्री माझ्यात घातली, मला खुंटीला टांगलं आणि पट्ट्याला तीन हिसके दिले. चिमाजींचं मशीन थांबलं.

"बाई, तुम्ही बॅग नेताय का गाडीचं पासिंग करताय?"

"पासिंगच समजा," ताई हसून म्हणाल्या.

मी पास झाले.

दुसऱ्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. कंडक्टरच्या सीटमागे एक आकडा होता, त्यावर मी लटकायचे. पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या चढायच्या, देवळ्याला कॉलेजची पोरं चढायची. मी कुणाच्या पायात आले नाही, कुणाच्या डोक्यात पडले नाही. सटाण्याला पोचलं की डेपोमागच्या लिंबाखाली ताई माझी चेन उघडायच्या. मॅट, ब्लँकेट, ठोकळे, आसनांचा पट्टा, सगळं एका दमात बाहेर. पहिल्याच दिवशी एक भाजीवाली आजी टोपली डोक्यावर घेऊन थांबली.

"हाई काय शे वं माय? सर्कस शे का?"

"आजी, कंबर शे! कंबर नीट करनी शे!" ताईंनी मोडक्यातोडक्या अहिराणीत उत्तर दिलं आणि आजी हसत हसत गेली.

हसणाऱ्यांत ड्रायव्हर दिनेशभाऊ देवरेही होते. गडी माणूस, आवाज मोठा, गाडी हाकण्यात पटाईत. "ताई, आपलं काम करून घाम निघतो तेवढा पुरे हाय. ही वरची कसरत कशाला?" असं म्हणून ते चहाला जायचे.

पण माझ्या आकड्यावरून मला त्यांची सीट दिसायची. कंबरेमागे ते टॉवेलची घडी ठेवायचे. आधी एक टॉवेल होता, मग दोन झाले. ताईंनीही ते पाहिलं होतं. एके दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, घडी जाड होत चाललीय."

दिनेशभाऊ हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुणाला बोलू नका. डॉक्टरकडं गेलो का ते अनफिट लिहितील. स्टेअरिंग सुटलं तर मी काय करू? मला दुसरं काय येतच नाय."

"न दाखवता एक दिवस गाडी चालवताना काही झालं तर?"

भाऊंनी गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

तो दिवस लवकरच आला. मार्च महिना होता. नशीब एवढंच की गाडी देवळ्याच्या स्टँडवर येऊन उभी राहिली होती. दिनेशभाऊ उतरायला वळले आणि तसेच थांबले. चेहरा घामाने भिजला.

"ताई... कंबर धरली. हलता येईना."

प्रवासी गोळा झाले. कुणी म्हणालं, पाय ओढा. कुणी म्हणालं, पाठीवर गुडघा द्या. एका काकांनी तर ताईंनाच सुनावलं, "अहो, तुम्ही योगा शिकता ना? द्या की एखादं आसन!"

ललिताताईंचा आवाज मी त्याआधी कधी एवढा कडक ऐकला नव्हता. "कुणीही ओढायचं नाही. आता आसनबिसन काही नाही. मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे की ह्यांना सरळ निजवायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची."

दोन तगड्या माणसांच्या आधाराने भाऊंना हळूहळू खाली आणलं. स्टँडच्या सावलीत मॅट अंथरली. ताईंनी ब्लँकेट माझ्यात गच्च कोंबलं, चेन लावली आणि मला आडवं करून भाऊंच्या गुडघ्यांखाली सरकवलं. मित्रांनो, मी सामान वाहण्यासाठी जन्मले होते. त्या दिवशी मी एका माणसाचं दुखणं पेललं. त्यांच्या पायांचा थरकाप माझ्या कापडातून मला कळत होता. मी टणक राहिले, जराही दबले नाही. थोड्या वेळाने तो थरकाप कमी झाला.

"ताई," भाऊ डोळे मिटूनच म्हणाले, "आता लिहितील ना अनफिट?"

"आज लिहितील. आजचं लिहिलेलं कायमचं नसतं, भाऊ. श्वास घ्या. सावकाश सोडा."

तसंच झालं. दवाखान्यात मणक्याचं दुखणं निघालं आणि गाडी चालवणं बंद झालं. भाऊंना नाशिकच्या डेपोत बसून करायचं काम मिळालं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, आणि त्यातली एखादी आपली असायची. तो मोठा आवाज पार बसला. औषधं झाली, दवाखान्यातले व्यायाम झाले. अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी "आता योग शिका, पण जपून" म्हटलं, तेव्हा भाऊ स्वतःहून ताईंपुढे येऊन उभे राहिले.

"मी लय हसलो तुम्हाला."

"चला, बूट काढा," ताई म्हणाल्या.

डेपोच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत रोज सकाळी त्यांचा सराव सुरू झाला. ताईंनी उज्ज्वला मॅडमना विचारून एकेक गोष्ट शिकवली. पहिल्या आठवड्यात भाऊंचे हात गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हते. ठोकळ्यांवर हात टेकवून उभं राहणं एवढंच आसन. एक दिवस चिडून ते म्हणाले, "हे पोरांचं काम हाय, आपलं नाय!" आणि निघून गेले. ताईंनी काही आवरलं नाही. मॅट तशीच अंथरलेली ठेवली आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या. दहा मिनिटांनी भाऊ परत आले, न बोलता बूट काढले.

आठ महिन्यांनी फेरतपासणी झाली. भाऊ खोलीत आले, हातातला कागद माझ्यावर ठेवला आणि तोंड फिरवून खिडकीशी उभे राहिले. ताईंनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग आत आलेल्या एका मेकॅनिककडे तो मोठ्याने वाचायला दिला.

"वाहन चालवण्यास योग्य," तो वाचू लागला, आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही.

त्यानंतर ती खोली भरू लागली. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले लोक, एकूण एकवीस जण. डेपोने मॅट घेतल्या, कपाट दिलं. आणि मित्रांनो, इथेच माझे वाईट दिवस सुरू झाले. सामान खोलीतच राहू लागल्यावर मला न्यायचं कशाला? एका घाईच्या दिवशी कुणीतरी ओला नॅपकिन माझ्या खणात कोंबला, मला कपाटाच्या तळाशी सारलं आणि दार लावलं. पावसाळा तिथेच गेला. माझ्यावर बुरशी आली. पट्ट्याच्या एका टोकाचा दोरा कुरतडला गेला. बाहेर वर्ग चालायचा, ताईंचा आवाज यायचा. त्यांच्या कामाचा मला अभिमान वाटायचा आणि आपण त्यात नाही याचं वाईटही वाटायचं.

मला बाहेर काढलं ते दिनेशभाऊंनी. दसऱ्याची साफसफाई चालली होती. मला बघून ते गुडघ्यांवर बसले. पूर्वी त्यांना तसं बसताच आलं नसतं.

"ताई, हिची काय दशा केली आपण!"

ललिताताईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि मान खाली घातली. "माझंच चुकलं. गरज होती तेव्हा रोज पुसायची मी हिला."

भाऊंनी मला घरी नेलं. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. दोन दिवस सावलीत उलटी टांगून वाळवलं. मग चिमाजींकडे नेऊन पट्टा पुन्हा शिवून आणला. चिमाजींनी मला ओळखलं. "पासिंगवाली!" म्हणाले.

मी ताईंना परत मिळेन असं मला वाटलं होतं. पण भाऊ म्हणाले, "ताई, सटाणा डेपोतली पोरं विचारतायत. माझी गाडी तिथं थांबतेच. तुम्ही हो म्हणाल तर मी सुरू करतो, तुम्ही शिकवलंय तेवढंच. अडलं तर तुम्हाला फोन. आणि... ही मला द्याल का?"

ताईंनी मला उचललं, पट्ट्याला जोरात तीन हिसके दिले. पट्टा हलला नाही. मग मला भाऊंच्या खांद्यावर अडकवलं. "दिली. पण ओलं काही आत ठेवायचं नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी बॅग असेल. ती घेताना तिच्या रंगाआधी तिची शिवण बघा. तिला काय वाहायचं आहे ते आधी ठरवा. ओला कपडा तिच्यात विसरू नका, घरी आल्यावर तिची चेन उघडी ठेवून तिला वारा द्या, आणि दोरा उसवला तर एकच टाका निघालेला असतानाच शिवून घ्या. आम्ही मागत काही नाही. थोडी काळजी घेतलीत तर वर्षानुवर्षं तुमच्या कामी येतो.

आता दर गुरुवारी मी सटाण्याला जाते. तिथे वर्कशॉपमधले नऊ जण माझी वाट बघत असतात. त्यांचे हात ग्रीस आणि ऑइलने काळे झालेले असतात. भाऊ मला खाली ठेवतात, आणि त्यांच्यातला जो कुणी मला आत न्यायला पुढे येतो, तो आधी पँटला दोन्ही हात चांगले पुसतो. त्यांना तसं करायला कुणीही सांगितलेलं नाही.