वरवंट्याने प्यायलेलं दूध

अहल्याने वरवंटा पाट्यावर उभा धरला आणि दुधाने काठोकाठ भरलेला चमचा त्याच्या गोल टोकाला अलगद टेकवला. क्षणभर काही झालं नाही. मग चमच्यातलं दूध उतरू लागलं आणि बघता बघता चमचा रिकामा झाला.

"पाहिलंत? आज वरवंट्यालाही भूक लागलीये," ती म्हणाली.

अंगणात जमलेल्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. समोरच्या शर्माजींच्या बायकोने पदर तोंडाला लावला. "राम राम! दीदी, आज के दिन ऐसा मज़ाक मत करो. पाप लगता है."

"वन्सं, पुरे झालं हं," भावजय मीरा दबक्या आवाजात म्हणाली. "वरवंटा कुठे, देव कुठे!"

अहल्याने पुढच्या चमच्यात चिमूटभर कुंकू कालवलं. आता सगळ्यांना दिसलं. एक गुलाबी ओघळ वरवंट्याच्या अंगावरून उतरत पाट्यावर आला. दूध कुणी पीत नव्हतं. दगड ते ओढून घेत होता आणि पातळ थराने खाली सोडत होता. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध कुणाला दिसणार? पण बायकांनी ओघळाकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि आपापले लोटे उचलून त्या देवळाच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या.

१९९५ च्या सप्टेंबरातला तो गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी सकाळीच एसटीडी बूथांवरून देशभर पसरली होती. उज्जैनच्या टावर चौकातल्या डेअऱ्यांमधलं दूध दुपारच्या आत संपलं. अहल्या फ्रीगंजच्या ज्या खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची, त्या शाळेला सुट्टी मिळाली, कारण प्रिन्सिपलसाहेब स्वतःच लोटा घेऊन गेले होते.

द्रव पदार्थ दगडाला, कापडाला, धाग्याला कसे चिकटतात, कसे चढतात, कसे पसरतात, यातच अहल्या सरमंडलची उमेदीची वर्षं गेली होती. भोपाळच्या एका संस्थेत ती संशोधन करत होती. लहानपणापासून उज्जैनजवळच्या भैरवगढ़मधल्या छिप्यांना ती कापडावर ठसे उमटवताना बघत आली होती. रंग रेषेच्या बाहेर का फुटतो, हा तेव्हाचा प्रश्न तिने पीएचडीला घेतला. काम चांगलं चाललं होतं. मग बाजार खुला झाला, एक कापड कंपनी पैसे घेऊन संस्थेच्या दारात आली, आणि तिचे गाइड डॉ. निगम यांना अहल्याचे आकडे अडचणीचे वाटू लागले. कंपनीच्या नव्या कापडावर रंग फुटत नाही, असं लिहून हवं होतं. तो फुटत होता.

"थोड़ा एडजस्ट करो," निगम म्हणाले होते.

"सर, मी मोजलंय ते."

"देश खुल गया है, अहल्या जी. तुम अभी भी शटर गिराकर बैठी हो."

तिने आकडे बदलले नाहीत. निगमांनी प्रबंध आपल्या कपाटात ठेवला आणि वाचायला सवड नाही, सवड नाही, म्हणत तिथेच ठेवला. शिष्यवृत्ती संपली. अहल्या डिग्रीशिवाय उज्जैनला परतली. लग्नाचं वय टळलेली, अर्धवट शिक्षणाची थोरली बहीण म्हणून धाकट्या भावाच्या, प्रकाशच्या घरात राहू लागली.

त्या गुरुवारी अहल्या वरवंटा धुऊन ठेवत होती तेवढ्यात अण्णा आले. तिचे वडील. रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर घड्याळावर चाललेला, बोलायला कडक माणूस. बायको गेली तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं. आज हातात रिकामी वाटी होती आणि डोळे वाहत होते.

"घेतलं गं त्याने," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या नावाने चमचा लावला. सगळं घेतलं. थेंबसुद्धा ठेवला नाही."

अहल्याने पाट्यावरचा गुलाबी डाग हाताने पुसला.

संध्याकाळी ती बापूंकडे गेली. बापू एक हिंदी सांध्य दैनिक चालवायचे. मराठी माणूस, तोंडात सदा सुपारी. दगड दूध कसं ओढतो, यावर तिने लिहिलेलं त्यांनी भरभर वाचलं.

"शास्त्र ठीक आहे. पण पृष्ठताण-पृष्ठताण कोण वाचेल, बाई? एखादा माणूस आण यात. घरचा, मोहल्ल्यातला."

तिने तिथेच बाकावर बसून एक परिच्छेद वाढवला. जन्मभर रेल्वेचं वेळापत्रक सांभाळणारा एक शिकलासवरला वृद्ध मृत पत्नीच्या नावाने दगडाला दूध पाजतो आणि रडत घरी येतो. शिकलेल्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय? लिहिताना तिला ते फार चांगलं साधल्यासारखं वाटलं. भोपाळनंतर पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी येतं, असं वाटलं.

अंक निघाला आणि गावाने तिच्यावर दात धरला. प्रिन्सिपलनी तिला वर्गातूनच बोलावून घेतलं. "पेरेंट्स नाराज़ हैं, मैडम. आप कल से मत आइए." पायरीवर कुणीतरी नासकं दूध ओतून गेलं आणि त्यावर दिवसभर माश्या घोंगावत राहिल्या. गवळ्याने दारातूनच सांगितलं, "आपके घर दूध नहीं दूँगा. पत्थर को पिलाओगे." भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत जो तो प्रकाशला विचारू लागला, "वो आपकी ही दीदी हैं ना?"

"ताई, तुला काय पडलीये?" प्रकाश जेवणाच्या ताटावरून उठून ओरडला. "लोक दूध पाजतायत, पाजू दे! आम्हाला याच मोहल्ल्यात राहायचंय!"

"खोटं लिहिलं का मी?"

"खऱ्याचं काय लोणचं घालायचंय?"

अण्णा खोलीतून बाहेर आले. हातात अंक होता. भांडण आपोआप थांबलं.

"हा शिकलासवरला वृद्ध म्हणजे मी ना?"

"नाव नाही घातलं, अण्णा."

"नाव कशाला हवं? पूर्ण फ्रीगंजला कळलं." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तर तो ऐकवेना. "दगड दूध पीत नाही, हे काय तू मला शिकवणार? जन्मभर इंजिनं पाहिलीयत मी. पण त्या दिवशी मला ते कळून घ्यायचं नव्हतं. एक दिवस. तेवढंही तुला बघवलं नाही."

"अण्णा..."

"मीरा, हिला सांग, माझ्याशी बोलायचं नाही."

आणि ते खरंच बोलले नाहीत. "तिला सांग, चहा झालाय." "तिला विचार, दार लावलं का." एका खोलीत समोरासमोर बसून निरोप मीराच्या तोंडून जायचे. अहल्याने एकदा माफी मागितली, तर ते उठून राम घाटाकडे फिरायला निघून गेले. पुन्हा मागायचं तिचं धाडस झालं नाही.

नोकरी गेल्यावर लिहिण्यावाचून तिला गत्यंतर उरलं नाही. बापूंनी आठवड्याचं सदर दिलं. पुढच्याच महिन्यात सूर्यग्रहण आलं. तिने लिहिलं की गर्भवतींनी घरात कोंडून घ्यायचं कारण नाही. त्यावर फोनवरून अशा शिव्या आल्या की मीराने फोनची वायरच काढून ठेवली. अहल्या लिहीत राहिली. पाणी, जंतू, भूकंप, अणुचाचण्या. पुढे पुण्याच्या मासिकांत मराठीतून, मग मुलांसाठी पुस्तक. पण आता ती माणसाचं उदाहरण देताना थबकायची, आणि बहुतेकदा ते खोडून टाकायची. बापू कुरकुरायचे. "माणूस आण, बाई, माणूस." ती आणायची नाही.

पुस्तकाला भोपाळमध्ये एक छोटं बक्षीस मिळालं. मंचावर अध्यक्ष म्हणून डॉ. निगम होते. केस पांढरे, सूट महागाचा. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सभेला सांगितलं, "मेरी ही छात्रा है!"

"जी," अहल्या माइकमध्ये म्हणाली, "मेरी थीसिस अभी तक सर की अलमारी में है."

सभागृह हसलं. निगमही हसले. सगळ्यांना तो विनोद वाटला. ती शाल काखेत मारून बसने उज्जैनला परतली. घरी बक्षिसाबद्दल कुणी विचारलं नाही.

नंतर एका हिवाळ्यात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीच गेलेला. डोळ्यावर पट्टी, कॉटवर पडून. मीरा माहेरी गेलेली, प्रकाश बँकेत. सकाळचं उन्ह कॉटच्या पायथ्याशी आलं होतं. अहल्या खाली सतरंजीवर भाजी निवडत बसली होती. अण्णा बराच वेळ चुळबुळत होते.

"पेपर आला का?" शेवटी ते म्हणाले. निरोप न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आलाय."

"वाच."

तिने हात पुसले आणि वाचायला घेतलं. संसदेच्या बातम्या, महापालिकेच्या बातम्या, रेल्वेचा एक अपघात. अपघाताची बातमी त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग पान उलटलं. त्या पानावर डावीकडे तिचं सदर होतं, उजवीकडे राशिभविष्य. बापूंनी दोन्ही मुद्दामच शेजारी ठेवली होती. ती थांबली.

अण्णांनाही कोणतं पान आलं ते कळलं असावं.

"राशी वाच," ते म्हणाले.

"कुंभ," अहल्या वाचू लागली. "यात्रा टालें. स्वास्थ्य में सुधार. संध्या तक शुभ समाचार."

तिने शब्द सावकाश, स्पष्ट वाचले. आवाजात कुठे हसू येऊ दिलं नाही.

"हं," अण्णा म्हणाले.

ती पेपरची घडी घालू लागली.

"थांब. तुझी वाच. सिंह."

अहल्याने पेपर पुन्हा उघडला. सिंह कुठल्या ओळीत आहे, हे तिला शोधावं लागलं.