दिवेलागणीची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो, आणि मला फार राग आलेला आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ही एवढी तडतडते कशाला असं तुम्हाला वाटायला नको.

मोर्शीच्या एका लोहाराने मला घडवलं. वरूडजवळच्या गावात जानरावांनी घर बांधलं, तेव्हा मला पुढच्या दाराला आतून बसवलं. वाऱ्यावादळात मी दार सोडलं नाही. जानरावांची लेक रागिणी लहान असताना टाचा उंचावून मला कोयंड्यात अडकवायला शिकली, तेव्हा घरभर तिचं कौतुक झालं होतं.

फक्त दिवेलागणीला मला हात लावायचा नाही, असा या घरचा रिवाज. त्या वेळी लक्ष्मी येते म्हणतात, म्हणून दार उघडं ठेवायचं. मागच्या हिवाळ्यात संत्र्याची तोड चालू होती आणि सगळे बागेत होते. बावीस वर्षांची रागिणी एकटी घरी होती. तिने देवापुढे दिवा लावला. दार उघडं होतं. बाहेर मोटारसायकल लावून संत्र्याचा एक व्यापारी त्यातून आत आला. नेहमी घरी येणारा, चहा पिणारा, तिला बेटा म्हणणारा. आत येऊन त्याने मला स्वतःच्या हाताने लावलं आणि रागिणीवर अत्याचार केला.

पोलिसांत तक्रार झाली, त्याला अटक झाली. मग बायाबाप्ये भेटायला येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच.

"कडी कावून नाही लावली तुनं?"

मला वाचा असती तर एकेकाला धरून विचारलं असतं, त्याने का लावली ते कोणीच का विचारत नाही? पण रागिणी तो प्रश्न स्वतःलाच विचारू लागली. मोटारसायकल वाजली की तिच्या हातातलं ताट पडायचं. ती तासन् तास अंघोळ करायची. जेवता जेवता उठून मला चाचपून बघायची, परत बसायची, परत उठायची. दिवेलागणीला तर ती मला घट्ट लावून दाराशीच उभी राहायची.

तेव्हा तेच लोक दुसऱ्या तोंडाने बोलू लागले. तिची आत्या तानुबाई म्हणाली, "दिवाबत्तीच्या टायमाले कडी कावून लावते व? लक्ष्मी वापस जाते ना."

लावली नाही तरी हिची चूक, लावली तरी हिचीच. आणि जानरावांनी काय करावं? लेकीची सवय मोडायची म्हणून पेचकसाने माझे स्क्रू काढले आणि मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. त्यांचा जीव तुटत होता, हे मला कळतं. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. रागिणी दाराला पाठ लावून बसू लागली. तिची झोप उडाली, बोलणं बंद झालं.

अमरावतीहून समुपदेशक प्राजक्ताताई आल्या. दारावरची रिकामी भोकं बघून त्यांनी विचारलं, "कडी कुठे आहे?"

"सारखी लावून राहिली होती," जानराव म्हणाले.

"लावू द्या. तिला न विचारता तो आत आला. आता दार कधी उघडायचं, कधी लावायचं, हे तिचं तिला ठरवू द्या."

जानरावांनी खिळ्यांचा डबा उपडा केला आणि पेचकस लेकीच्या हातात दिला. रागिणीने मला स्वतः बसवलं. एक स्क्रू तिरपा गेला आहे, पण मी पक्की आहे.

त्याच दिवशी दिवेलागणीला तिने मला लावलं. बाहेरून तानुबाई दार ठोकू लागली, "गोदे, दार उघड. लक्ष्मी वापस जाईन."

रागिणीची आई गोदाबाई वाती वळत होती. ती जागची हलली नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तिले यायचं असन तं दार वाजवून येईन."

मित्रांनो, रागिणी बरी झाली असं खोटं मी सांगणार नाही. अजूनही ती मला दिवसातून कितीतरी वेळा चाचपते. तिला हसू नका. कावून म्हणून विचारू नका. तिच्याकडे गेलात तर दार वाजवा, आपलं नाव सांगा आणि बाहेर थांबा. तिने उघडलं नाही, तर मुकाट्याने घरी जा.