पुराच्या दिवशी रिकामा राहिलेला क्रेट

मित्रांनो, मंडईत सगळ्यांची नजर माझ्या पोटातल्या भाजीवर असते, माझ्याकडे कोणी बघत नाही. मी एक जुना, हिरवा, प्लास्टिकचा क्रेट आहे. भोसरीच्या एका कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो आणि चाकणजवळ कौशल्याबाईंच्या मळ्यात कामाला लागलो.

तेव्हा माझे हाल होते. सकाळी माझ्यात शेणखत भरत, दुपारी ओढ्यात बुचकळून माझ्यातच कोथिंबीर भरत. मग गावच्या समाजमंदिरात भाजी पिकवणाऱ्यांचे प्रशिक्षण झाले. शिकवायला आलेल्या मिनलताईंनी मलाच टेबलावर ठेवून माझ्या कोपऱ्यांतली घाण सगळ्यांना दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले!

"आमी जन्मभर ओढ्यातच भाजी धुतली," कौशल्याबाई म्हणाल्या. "कोण आजारी पडलं?"

"काकू, ज्याचं पोट बिघडतं तो तुम्हाला सांगायला येतो का?" मिनलताईंनी हसून विचारले.

घरी येताच कौशल्याबाईंनी मला घासूनपुसून उन्हात वाळवले. खताला वेगळे घमेले आले. पाऊस हल्ली कधीही कोसळतो, म्हणून ताईंनी सांगितल्याप्रमाणे निम्म्या रानात उंच गादीवाफे झाले. उरलेले पुढच्या हंगामात करायचे होते.

पावसाने तेवढी सवड दिली नाही. एका पहाटे ओढा रानात शिरला. पाणी ओसरले तेव्हा गादीवाफ्यांवरची कोथिंबीर सुखरूप होती. सखल वाफ्यांतलीही हिरवीगार दिसत होती, पण तिच्या डोक्यावरून ओढा गेला होता. आणि त्याच दिवशी एका कंपनीच्या कॅन्टीनला माल पोचवायचा होता.

"वहिनी, धुवा आन् भरा. कुणाला कळतंय?" दीर दौलतराव म्हणाले.

"मला कळतंय न्हवं? पुरात गटारं मिसळल्यात, तेच पाणी लागलंय तिला. कंपनीतली पोरं उसळीवर कच्ची टाकून खात्यात."

कौशल्याबाईंनी कॅन्टीन सांभाळणाऱ्या रविराजांना फोन लावला. "साहेब, आज निम्माच माल येईल."

"काकू, असं ऐनवेळी? मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा. पर त्याला इचारा, मालाला पुराचं पाणी लागलंय का."

भरलेले क्रेट टेम्पोत चढले, मी बांधावर रिकामाच राहिलो. सखल वाफ्यांतली कोथिंबीर त्यांनी स्वतःच्या हाताने मातीत गाडली.

चार दिवसांनी रविराज स्वतः मळ्यावर आले. "काकू, तुम्ही सांगितलेला प्रश्न मी सगळ्यांना विचारला," ते म्हणाले. "सरळ उत्तर कोणी देईना. आता पालेभाजी तुमचीच."

आज सगळे रान गादीवाफ्यांचे आहे. प्रशिक्षणात मिनलताईंच्या शेजारी उभ्या राहून कौशल्याबाई शिकवतात. मी टेबलावर असतो, लख्ख, आणि माझी छाती फुगते. माझ्यातून टनावारी भाजी गेली असेल, पण मला अभिमान आहे तो त्या रिकाम्या दिवसाचा.

मित्रांनो, माझ्यासारख्या क्रेटमध्ये चपला, खत, औषधाच्या बाटल्या टाकू नका. धुऊन, वाळवून, जमिनीपासून उंच ठेवा. माझ्यात जे भराल ते कोणाच्या तरी ताटात पडणार आहे. भरण्याजोगे नसेल, तर मला खुशाल रिकामा ठेवा. त्यात मला कसलाही कमीपणा नाही.