शून्य त्रुटी : नाही

मी एक जुना व्हर्निअर कॅलिपर आहे. जाडी मोजणं हा माझा धंदा. पण माणसंही मी बरी मोजतो, मित्रांनो.

दापोडीतल्या एका शाळेत मी सोळा वर्षं काढली, त्यातली पंधरा काचेच्या कपाटात, कुलुपाआड. पहिल्याच वर्षी टेबलावरून पडलो आणि जबडा वाकला. तेव्हापासून तोंड घट्ट मिटलं तरी मी शून्य दाखवत नाही. चार दशांश मिलिमीटर दाखवतो. याला शून्य त्रुटी म्हणतात. ती आधी बघायची आणि मापातून वजा करायची, एवढंच.

पण आमचे सर दरवर्षी फळ्यावर तेच आकडे लिहीत. "उतरवून घ्या. शून्य त्रुटी : नाही. कपाटाला हात लावायचा नाही, मोडलं तर माझ्या नावावर आहे." मुलं उतरवत. प्रात्यक्षिकात वीसपैकी वीस. निकाल लागला की सरांना शाल आणि नारळ. माझ्यावरची धूळ मेली कोणी पुसली नाही.

शेवटी मी भंगारात निघालो. महाळुंग्यात छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या इनायतभाईंनी मला उचललं. माझा दोष कळला तसे खूश झाले. "हा असाच राहू दे. परीक्षेला कामाचा आहे." तेव्हापासून नोकरी मागायला येईल त्याच्या हाती मलाच देतात.

मागच्या सोमवारी मिनल आली. माझ्याच शाळेची, विज्ञानात सत्त्याण्णव गुण. वडिलांचं कंत्राटी काम सुटलेलं. माल तपासायची ही जागा तिला हवीच होती. इनायतभाईंनी बोटाएवढी जाड एक लोखंडी पिन पुढे केली.

"माप सांग, बेटा."

"बारा पूर्णांक चार मिलिमीटर."

"शून्य त्रुटी बघितलीस?"

"नाही आहे, चाचा." माझ्याकडे न बघताच, पाढा म्हणावा तसं.

"कोणी सांगितलं?"

"जर्नलमध्ये तसंच लिहितात."

फोरमन समाधान फिस्सकन हसला. "ताई, माल परत आला की गिऱ्हाईकाला जर्नल दाखवायचं का?"

इनायतभाईंनी मला मिटवून तिच्यासमोर धरलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... बाराच?"

उत्तर बरोबर होतं. पण जागा दुपारी ज्ञानेशला मिळाली. त्याला पंचावन्न टक्के. गॅरेजात काम केलेला. त्याने पिन हातात घ्यायच्या आधी मला मिटवून पाहिलं होतं.

मिनलवर माझा राग नाही. शालीवर आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत असं कपाट असेल तर सरांकडे किल्ली मागा. चिडले तर चिडू द्या. मला मिटवून बघायला पाच सेकंद लागतात. त्याला गुण नव्हते, म्हणून मिनलला ते कोणी शिकवलंच नाही.