आईला शिवलं की अंघोळ

फरशीवरून स्टीलचं ताट सर्रकन सरकलं आणि खोलीतली शांतता मोडली.

"घे गं, गरम हाय तवर खाऊन घे," उंबऱ्यापलीकडून आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मखमलाबादला आमची झेंडू-शेवंतीची शेती. पाळीच्या बाईचा हात देवाच्या फुलांना लागू नये, हा त्यांचा नेम. म्हणून मागच्या खोलीत गोधडी, तांब्या आणि मी.

खरं सांगू? मला ती खोली आवडायची. भाकऱ्या नाहीत, फुलं तोडणं नाही. दोन ओळी लिहायला मिळायच्या त्या तिथेच. पण चार दिवसांचं बसणं लांबत चाललं. मधे दोन-दोन महिने काहीच नाही, मग आठवडेच्या आठवडे धो धो.

"तुझं बरंय बाई, सगळं वर्षच सुट्टी!" माझी जाऊ लताबाई हसायची.

गावातले डॉक्टर गोळ्या द्यायचे. "बत्तिसावं ना? या वयात होतं मागेपुढे. काळजी नको." गोळ्या संपल्या की पुन्हा तेच.

हाल व्हायचे मनूचे. चार वर्षांची माझी लेक. मला शिवली की आत्याबाई धरून तिला अंघोळ घालायच्या. तरी ती मांजरासारखी दबकत यायची, माझ्या मांडीत तोंड खुपसायची आणि स्वतःच ओरडायची, "आजी, शिवले!" थोड्या वेळानं ओल्या केसांनी परत दारात हजर.

दिवाळीनंतर हे मला नाशकातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी गोळ्या लिहिल्याच नाहीत.

"किती वर्षं चाललंय?"

"मागेपुढे लग्नाआधीपासूनच. आता फार वाढलंय."

"आणि गर्भपिशवीच्या आतलं अस्तर कुणी तपासलं नाही?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत होते.

अस्तराचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. बाई हळू बोलत होत्या. लहान वयात कमी असतो, पण असतो. पिशवी काढावी लागेल. कुठवर पसरलाय ते पोट उघडल्यावरच कळेल.

परवा भरती व्हायचंय.

आज संध्याकाळी आत्याबाई ताट घेऊन आल्या त्या उंबरा ओलांडून थेट आत. माझ्या गोधडीवर बसल्या. रक्त अजून थांबलेलं नाही, त्यांना ठाऊक होतं. माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"मला वाटायचं, पोरीला तेवढाच इसावा," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

दारातून मनू किंचाळली, "आजी शिवली! आजीला अंघोळ!"

"कुणालाच नाय आता अंघोळ. ये तू."

मनूनं दोघींकडे संशयानं पाहिलं. एक पाय आत टाकून वाट बघितली. कुणी ओरडलं नाही. मग धावत येऊन माझ्या मांडीत शिरली.

"आई, मग मी आता रोज शिवू?"

"रोज शिव."

ती जरा वेळ माझ्या बांगड्या फिरवत बसली.

"मी मोठी होईपर्यंत?"